‘चूक ऑपरेटरचीच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नमस्कार साहेब,

भिवंडीतल्या गोदामांवर लिहिलं तेव्हा तुम्ही सुनावलंत की फोर्कलिफ्टचे (गोदामात माल उचलून नेणाऱ्या गाडीचे) अपघात ऑपरेटरच्या हलगर्जीपणानेच होतात, मी उगाच मालकांना झोडपतोय. तुम्ही स्वतः मानकोलीला गोदाम चालवता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हलगर्जीपणा नसतो असं कोण म्हणतंय? पण पॅलेटवर, म्हणजे मालाखालच्या फळ्यांच्या चौकटीवर, खोकी डोक्याच्या वर रचली की ऑपरेटरला समोरचं काही दिसत नाही. अमेरिकेत ‘ओशा’चा, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याचा, नियम आहे: मालाने समोरचं दिसेनासं झालं तर माल मागे ठेवून, म्हणजे रिव्हर्समध्येच गाडी न्यायची. आपल्या ऑपरेटरलाही हे कळतं. पण मान वळवून रिव्हर्स मारत बसलं की वेळ जातो; डॉकवर ट्रक लागलेला, सुपरवायझर डोक्यावर. मग तो डोकं बाहेर काढून, हॉर्न मारत गाडी तशीच पुढे दामटतो. त्याच गल्लीत पिकर, म्हणजे रॅकमधून माल काढणारा कामगार, स्कॅनर घेऊन खालच्या रॅकशी वाकलेला असतो. त्याच्यासाठी आखलेल्या पिवळ्या पट्ट्यावर दिवाळीचा माल रचून ठेवलेला. तो कुणी रचायला सांगितला?

‘गाडी उलटत असताना उडी मारायची एवढी अक्कल नको?’ असंही तुम्ही लिहिलंय. साहेब, हे कृपा करून कुणाला शिकवू नका! उडी मारणारा बऱ्याचदा गाडी पडते त्याच बाजूला पडतो आणि डोक्यावरचा लोखंडी सांगाडा त्याच्या अंगावर येतो. तोल राखायला मागे बसवलेल्या वजनामुळे दोन टन उचलणारी गाडी रिकामी असतानाही तीन टनांच्या आसपास भरते. सीटचा पट्टा लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावं, पाय रोवावेत आणि गाडी पडतेय त्याच्या उलट बाजूला झुकावं. आता पट्टा का लावत नाहीत? पॅलेट सरळ करायला दर फेरीला खाली उतरावं लागतं म्हणून. त्यासाठी हाताखाली एक माणूस दिला तर पुष्कळ फरक पडेल, पण त्याची मजुरी द्यावी लागते ना.

ट्रेनिंगचं म्हणाल, तर ओशा दर तीन वर्षांनी किमान एकदा ऑपरेटरची चाचणी घ्यायला लावते, आणि अपघात थोडक्यात टळला तरी पुन्हा शिकवायला लावते. तुमच्याकडे थोडक्यात टळलेल्याची नोंद होते का? होत नसेल तर रॅकच्या खांबांना खालच्या दोन फुटांत गाडी धडकून पडलेले पोचे मोजा आणि आकडा मला कळवा.