रंगात गोंद कशाला? भिंत आधी वाळू द्या की!

बेळगाव-खानापूर भागात घर बांधणाऱ्यांच्या मोबाईलवर एक मजकूर फिरतोय: "नव्या गिलाव्यावर रंग धरत नाही? रंगात सुतारकामाचा पांढरा गोंद मिसळा. आठ दिवस पाणी मारून झालं की लगेच ऑइल प्राइमर द्या, ओल आतच दबते. तरी पोपडे आले तर वरून पुट्टी ओढा. पूर्वी कोण थांबत होतं?"

गोंदाचा प्रयोग मी स्वतः करून बसलोय. "हालत नाही बघा," म्हणत पेंटरनं डब्यात गोंद ओतला. महिनाभर भिंत चकचकीत. मग आषाढाची झड पश्चिमेच्या भिंतीवर बसली आणि आतून दुधावरची साय निघावी तसा रंग निघाला, मागून चिकट. हा गोंद लाकडासाठी आहे. कोरड्या लाकडात तो मुरतो आणि धरतो. ओल लागली की मऊ पडतो. त्यात सिमेंटचा ताजा गिलावा कडक अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, त्याचा पीएच १२-१३. त्या अल्कलीत गोंदाची पकडच सुटते. रंगात चिकटवणारा घटक कंपनीनं मापून घातलेला असतोच. आपण ओतलेला गोंद ते माप बिघडवतो, एवढंच.

आता आठ दिवसांचं. पाणी मारायचं ते गिलावा घट्ट व्हावा म्हणून. वाळण्याचे दिवस त्यानंतर मोजायचे. साधारण २८ दिवस तरी थांबा म्हणतात, पण ते कोरड्या हवेत. कणकुंबीकडच्या पावसात कॅलेंडरवर विसंबू नये. वीतभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दिवसभर ठेवा. आत दव धरलं किंवा तेवढी जागा काळपट पडली तर भिंत अजून ओली आहे.

ऑइल प्राइमरनं, म्हणजे रंगाखाली देतात त्या तेलाच्या थरानं, ओल दबत नाही, कोंडते, आणि कोंडलेली ओल थराला मागून ढकलते. शिवाय तेल आणि अल्कली एकत्र आले की साबण होतो. अगदी खरा साबण, कारखान्यात होतो त्याच क्रियेनं. नव्या भिंतीवर ऑइल प्राइमरचे चिकचिकीत डाग पडतात ते यामुळे. इथं पाण्यातला, अल्कलीला टिकणारा सिमेंट प्राइमर हवा.

"पूर्वी कोण थांबत होतं?" हा प्रश्न मात्र बरोबर आहे. आमची आज्जी ओलसर भिंतीवरही चुना मारून घ्यायची आणि तो टिकायचा. कारण चुना स्वतःच अल्कली, त्याचं गिलाव्याशी भांडण नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो घट्ट होतो आणि भिंतीला श्वास घेऊ देतो. आजचा प्लॅस्टिक इमल्शन, म्हणजे डब्यातला पाण्यात मिसळायचा रंग, वेगळी जात आहे. चुन्याचा नियम त्याला लावला की फसगत.

पोपड्यांवर पुट्टी म्हणजे सुटलेल्या थरावर आणखी वजन. सुटलंय ते सगळं पत्रीनं खरवडा, घट्ट थर लागेपर्यंत. पांढरे क्षार फुटले असतील तर कोरड्या ब्रशनं झाडा. धुतलं तर ते विरघळून परत आत जातात. गवंड्यानं सिमेंट घोटून आरशासारखं केलं असेल तर पॉलिश पेपर मारून खरखरीत करा, गुळगुळीत जागी रंगाला पकड मिळत नाही. धूळ पुसून प्राइमर, पातळ दोन हात पुट्टी, पुन्हा प्राइमर, मग रंग. आणि ओल बाहेरून येत असेल, गच्चीच्या कठड्याची भेग असो की पश्चिमेची भिंत, तर आधी ती वाट बुजवा. नाहीतर आतलं सगळं वाया.

गणपतीच्या आत घर उजळायलाच हवं असेल तर तात्पुरता चुना मारून घ्या, रंगाचं काम दिवाळीनंतर काढा. फक्त इमल्शनच्या आधी तो चुना खरवडावा लागतो. पेंटरशी मजुरी ठरवतानाच ते बोलून घ्या.