रक्ताच्या चिळकांड्या आणि तीन आरोप

जपानी ‘स्प्लॅटर’ चित्रपटांविषयी, म्हणजे रक्तमांसाचा मुद्दाम अतिरेक करणाऱ्या चित्रपटांविषयी, तीन विधाने नेहमी पुढे केली जातात: त्यांना रक्तापलीकडे काही सांगायचे नसते, त्यांची कारागिरी सुमार असते आणि ते जपानी मनाच्या विकृतीचा पुरावा आहेत. तिन्ही विधाने चित्रपट न पाहता केलेली आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या विधानासाठी योशिहिरो निशिमुरा यांचा २००८चा ‘टोकियो गोर पोलिस’ पाहावा. भविष्यातल्या टोकियोत पोलीस दलाचे खासगीकरण झालेले आहे. ‘इंजिनिअर’ म्हणवणाऱ्या गुन्हेगारांच्या शरीरात किल्लीच्या आकाराची गाठ असते आणि त्यांना जिथे जखम होते तिथूनच शस्त्र उगवते. म्हणजे दल जितके क्रूर होते, तितका त्याचा शत्रू बळावतो. नायिका रुका (एही शिइना) ज्या दलासाठी तलवार चालवते, त्याच्याच प्रमुखाने खासगीकरणाला विरोध करणाऱ्या तिच्या पोलीस वडिलांचा खून घडवून आणल्याचे तिला कळते. मध्येमध्ये हसतमुख जाहिराती येतात आणि त्यांत हिंसा घरगुती वस्तूसारखी विकली जाते. सत्ता आणि बाजार माणसाच्या देहावर कसा हक्क सांगतात, हे याहून थेट कसे दाखवणार?

कारागिरीचा आक्षेप तर मुळातच टिकत नाही. शिन्या त्सुकामोतो यांच्या ‘तेत्सुओ’मध्ये (१९८९) एक नोकरदार आरशासमोर दाढी करताना गालातून वर आलेला धातूचा काटा पाहतो, त्याला हात लावतो आणि रक्त उडते, पुढे त्याचे सगळे शरीर भंगार लोखंडाने व्यापून जाते. १६ मिमी कृष्णधवल फिल्मवर, तुटपुंज्या पैशांत, नटाला किंचित हलवून एकेक फ्रेम टिपत केलेले हे काम आहे; लेखन, दिग्दर्शन, संकलन त्सुकामोतोंचेच, शिवाय भूमिकाही. निशिमुरा स्वतः मेकअप आणि स्पेशल इफेक्ट्सचे कारागीर आहेत. त्यांच्या चित्रपटातले रक्त कारंज्यासारखे उडते ते खरे वाटावे म्हणून नव्हे, तर नजरेत भरावे म्हणून. रक्त कसे दिसावे यावर घेतलेली ही मेहनत जपानी कलेत जुनीच आहे: १८६६-६७मध्ये जपानी चित्रकार योशितोशी यांनी लाकडी ठशांची रक्तरंजित मुद्राचित्रे केली, तेव्हा रक्ताला ओली चकाकी यावी म्हणून लाल रंगात सरस मिसळला होता.

तिसरे विधान मला सर्वांत अन्यायकारक वाटते. ‘टोकियो गोर पोलिस’च्या निर्मितीत अमेरिकी कंपनीचा सहभाग होता, तेव्हा ही भूक एकट्या जपानची ठरत नाही. कॅनडाच्या डेव्हिड क्रोनेनबर्ग यांच्या ‘व्हिडिओड्रोम’मध्ये (१९८३) माणसाच्या पोटाला भेग पडते आणि तिच्यात व्हिडिओ कॅसेट सरकवली जाते; तिथे चर्चा दिग्दर्शकाच्या विचारांची होते, कॅनडाच्या मनाची नाही.

जो आक्षेप घ्यायला हवा होता, तो मात्र या तीन विधानांत नाही. निशिमुरांच्या चित्रपटात विद्रूप केलेले स्त्रीदेह गिऱ्हाइकांपुढे मांडले जातात आणि कॅमेरा त्यांच्यावर गरजेपेक्षा जास्त रेंगाळतो. तिथे दिग्दर्शक त्या बाजारावर टीका करतो आहे की स्वतःच दुकान मांडून बसला आहे, हे अनेकदा पाहूनही मला ठरवता आलेले नाही.