मिचिझाने वशिल्याचा माणूस होता का? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नवव्या शतकातला जपानी कवी-दरबारी सुगावारा नो मिचिझाने याला मी मूळ लेखात उगाच अन्याय झालेला गरीब मास्तर करून टाकलं. तो घराण्यामुळे आणि सम्राट उदाच्या मर्जीमुळे वर चढला, आणि 901 साली त्याची दझाइफूला, म्हणजे राजधानीपासून दूर क्यूशू बेटावरच्या सरकारी ठाण्यावर, हद्दपारी नव्हे, बदली झाली.

‘गरीब मास्तर’ हे चुकलंच. आजोबा आणि वडील दोघंही साहित्याचे राजमान्य आचार्य, घरात विद्येची गादीच. पण त्या गादीवरून फार तर आचार्यपद मिळायचं, मंत्रिपद नाही. बड्या दरबाऱ्यांच्या मुलांना बापाच्या दर्जावर दर्जा मिळे, त्यामुळे फुजिवारा या दरबारातल्या सर्वांत बलाढ्य घराण्याच्या पोरांचं परीक्षेवाचून काही अडत नसे. मिचिझाने 870 मध्ये सर्वांत अवघड परीक्षेला बसला, परीक्षकानं चुका काढल्या, आणि ‘मध्यम’वर निभावलं!

मर्जीचा मुद्दा मात्र पूर्ण मान्य. 891 मध्ये फुजिवारांचा प्रमुख मोतोत्सुने वारला आणि उदाला त्या घराण्याबाहेरचा माणूस हवाच होता. चार वर्षं सानुकी प्रांताचा कारभार पाहून आलेला मिचिझाने मग भराभर चढत 899 ला उजवा मंत्री झाला. मुलगीही उदाच्या मुलाला, राजपुत्र तोकियोला दिली; म्हणजे राजघराण्यात मुली देऊन वजन वाढवण्याचा फुजिवारांचाच डाव खेळायला गेला. फक्त एक गोष्ट मी मूळ लेखात लिहायला हवी होती: उदानं 897 मध्येच गादी सोडली होती. उजव्याहून वरच्या, डाव्या मंत्रिपदावर मोतोत्सुनेचा मुलगा तोकिहिरा. मिचिझानेवर जावयाला गादीवर बसवण्याचा कट केल्याचा आरोप आला तेव्हा गादीवर होता उदाचा मुलगा, तरुण दाइगो.

‘बदली’ मात्र पटत नाही. कागदावर तो दझाइफूचा अतिरिक्त अधिपती, पण कारभाराला हात लावायची मुभा नाही. मुलगेही वेगवेगळ्या ठिकाणी धाडले. तिथल्या एका कवितेत तो स्वतःला हद्दपार म्हणवतो. सरकारी वाड्याची नुसती कौलं दिसतात, कान्नोन या बौद्ध देवतेच्या मंदिराची नुसती घंटा ऐकू येते, कारण तो दाराबाहेर पाऊल टाकत नाही. नावाला तो त्याच वाड्याचा अधिकारी होता हो! बदलीवरचा माणूस निदान कचेरीत तरी जातो.

दुसऱ्या कवितेत आदल्या वर्षीच्या शरदातल्या मेजवानीत सम्राटानं दिलेला झगा आहे. तो रोज हातात घेऊन त्याचा उरलेला सुगंध घेतो. झगा देणारा दाइगोच होता, हद्दपार करणाराही तोच. 903 मध्ये मिचिझाने तिथंच वारला.