अर्धे वचन पाठवणाऱ्यांस

गेल्या आठवड्यापासून सोलापुरातील ख्रिस्ती महिलांच्या व्हॉट्सॲप समूहांवर एक मजकूर फिरत आहे. ‘प्रत्येक भगिनीने वाचावे व दहा जणींना पाठवावे’ अशी सूचना असलेल्या त्या मजकुरात पाच मुद्दे आहेत. देवाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, तिटकारा आहे, म्हणून घर सोडणारी स्त्री देवालाच सोडते. नवऱ्याचा मार हा पत्नीने वाहायचा वधस्तंभ आहे. अविवाहित राहणे देवाच्या योजनेविरुद्ध आहे. नवऱ्यापासून वेगळी राहणारी स्त्री प्रभुभोजनास, म्हणजे चर्चमधील भाकर व प्याल्याच्या विधीस, अपात्र आहे. आणि घटस्फोट हे पाश्चात्त्यांचे आधुनिक खूळ आहे. दोन दिवसांत तीन वेगवेगळ्या नातेवाइकांनी हा मजकूर माझ्या मावसबहिणीला पाठवला. ती दोन महिन्यांपूर्वी डाव्या मनगटाचे हाड मोडलेल्या अवस्थेत माहेरी आली आहे. तिने मला एवढेच विचारले, “ताई, हे खरंच बायबलात आहे का?” तिला तोंडी उत्तर दिले आहे, पण ज्यांनी हे पाठवले त्यांनाही ते मिळायला हवे.

पहिल्या मुद्द्याला आधार म्हणून जुन्या करारातील मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचे २:१६ हे वचन दिले आहे, तेही अर्धे. आम्ही दोघींनी आजीचे बायबल स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उघडले. तिला अजून त्या हाताने जड पुस्तक उचलवत नाही, म्हणून तिने कोपराने पान दाबून धरले आणि उजव्या हाताचे बोट ओळीवरून फिरवले. ज्या वाक्यात सूटपत्राचा तिटकारा आहे त्याच वाक्यात, स्वल्पविरामानंतर, आपले वस्त्र जुलमाने झाकणाऱ्याचाही तिटकारा आहे. तिथे तिचे बोट थांबले. मजकूर लिहिणाऱ्याने वचन नेमके त्या स्वल्पविरामापाशी तोडले होते. शिवाय हा संपूर्ण उतारा पुरुषांना उद्देशून आहे. आमची अर्पणे देव का स्वीकारत नाही, असे विचारणाऱ्यांना संदेष्टा सांगतो की, तू आणि तुझ्या तरुणपणाची पत्नी यांच्यामध्ये परमेश्वर साक्षी आहे आणि तू तिच्याशी विश्वासघात केला आहेस. पुरुषाला दिलेली ताकीद उचलून मार खाल्लेल्या स्त्रीच्या माथी मारणे, याला मी वचनाचा अपमान म्हणते.

यात अर्धे सत्य आहे, ते मी नाकारत नाही. प्रभू येशूने सूटपत्राविषयी कठोर शब्द वापरले आहेत. मत्तय १९ मध्ये व्यभिचाराचा एक अपवाद आहे आणि मार्क १० मध्ये तर तोही नाही. विवाह हा करार आहे, मन उठले की मोडायचा सौदा नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु परूश्यांनी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांनी, येशूला विचारलेला प्रश्न काय होता, तेही वाचावे. ‘कोणत्याही कारणावरून’ बायको टाकणे योग्य आहे काय, असा तो प्रश्न होता. त्या काळी हिल्लेल या यहुदी गुरूच्या पंथाचे शास्त्री स्वयंपाक करपवला एवढ्या कारणावरूनही सूटपत्र देता येते असे मानत. म्हणजे येशूचे कठोर शब्द बायकोला रस्त्यावर आणणाऱ्या नवऱ्यांना आवरत होते.

आता दुसरा मुद्दा, ज्यामुळे मला रात्री झोप लागली नाही. ‘मार हा वधस्तंभ आहे’ असे बायबल कुठेही म्हणत नाही. मजकुरात पेत्राच्या पहिल्या पत्रातील पत्नींना केलेला उपदेश आहे, पण त्याच अध्यायाचे सातवे वचन गाळले आहे. त्यात पतींना बजावले आहे की पत्नीला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. वधस्तंभ उचलायचा तो प्रभूच्या मागे जाण्यासाठी. भाजीत मीठ जास्त पडले म्हणून कोणी मनगट पिरगाळले, तर त्यात प्रभूच्या मागे जाणे कुठे आले? शौल राजाने भाला फेकला तेव्हा दाविदाने तो अंगावर झेलला नाही. तो निसटला, आणि त्याच रात्री त्याच्या पत्नीने, मीखलने, त्याला खिडकीतून खाली उतरवले. दिमिष्कात (दमास्कसमध्ये) जिवावर बेतले तेव्हा प्रेषित पौल पाटीत बसून तटावरून उतरला, आणि पुढे यरुशलेमात फटके मारण्यासाठी बांधले असता त्याने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले. नासरेथात कड्यावरून लोटायला निघालेल्या जमावातून प्रभू स्वतः निघून गेले. यांच्यापैकी कोणालाही आपण अविश्वासू म्हणत नाही.

या सगळ्यावर एकटे पुरून उरणारे वचन करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात आहे. पत्नीने पतीपासून वेगळे होऊ नये, असे पौल दहाव्या वचनात प्रभूची आज्ञा म्हणून सांगतो, आणि लगेच अकराव्यात म्हणतो की, ती वेगळी झालीच तर तिने तसेच अविवाहित राहावे किंवा पतीशी समेट करावा. म्हणजे पत्नी वेगळी राहू शकते, ही परिस्थिती प्रेषिताने गृहीत धरली आहे. तिला मंडळीतून काढा किंवा तिला भाकर व प्याला देऊ नका, असे तो सांगत नाही, त्यामुळे चौथा मुद्दा इथेच निकालात निघतो. प्रभुभोजनापूर्वी ‘प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी’ असे त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. शेजारणीची परीक्षा करावी असे नाही. आणि माझ्या बहिणीने घटस्फोट मागितलेलाही नाही. तिने फक्त दाराला आतून कडी लावता येईल असे घर मागितले आहे.

अविवाहितांबद्दलचा तिसरा मुद्दा तर वाचणाऱ्याला लाज आणतो. ज्याने हे लिहिले त्याचा प्रभू अविवाहित होता, आणि ज्याची पत्रे तो उद्धृत करतो तो पौल अविवाहितांना ‘माझ्यासारखे राहिल्यास बरे’ असे त्याच सातव्या अध्यायात म्हणतो. ‘मनुष्य एकटा असावा हे बरे नाही’ हे उत्पत्तीतील वचन खरे, पण म्हणून एकटीला कमी लेखायचा परवाना मिळत नाही. यशया ५६ मध्ये देव निःसंतान षंढालाही पुत्रकन्यांहून उत्तम नाव देतो. सोलापूरहून पुण्याला जाताना केडगाव स्टेशन लागते. तिथल्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाई १८८२ साली विधवा झाल्या, त्यांनी पुन्हा विवाह केला नाही, आणि मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणले. त्यांचे आयुष्य देवाच्या योजनेबाहेर गेले, असे म्हणायला या लेखकाची जीभ रेटेल का?

पाचव्या मुद्द्याला फार शब्द नकोत. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात सूटपत्राचा नियम आहेच. निर्गम २१ मध्ये दासी-पत्नीला अन्न, वस्त्र व पत्नीचा हक्क मिळाला नाही तर ती मोकळी होते असे लिहिले आहे. इकडे भारतातील ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार दाखवणे पुरे होते, पण पत्नीला केवळ क्रूरतेच्या आधारावर सुटका मिळत नव्हती. ती २००१च्या दुरुस्तीने मिळाली.

ज्या तिघांनी तो मजकूर पाठवला त्यांना मी मलाखी २:१६ पूर्ण, १ पेत्र ३:७ आणि १ करिंथ ७:११ ही वचने पाठवली आहेत. दहा जणींना अर्धे वचन गेले असेल, तर उरलेले अर्धेही त्याच दहा जणींना जायला हवे.