गंगावेशीतला गिझर आर. के. नगरात नेताना

काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नव्या घरात जाताना वीज, पाणी आणि गॅस कसं ठरवावं या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. गॅस गिझरला मी विनाकारण बदनाम केलं, खर्चाचा हिशेब चुकवला, आणि सोलरचं कौतुक करताना कोल्हापूरचा पाऊस विसरले. पुढे तुम्ही लिहिलंय, "गंगावेशीतल्या घरी पंधरा वर्षं मागच्या पडवीत गॅस गिझर आहे, कुणाला काही झालं नाही. गळती झाली तर वास येतोच. आता दिवाळीत मुलाच्या आर. के. नगरच्या फ्लॅटचा ताबा मिळेल, तेव्हा हाच गिझर तिथल्या बाथरूममध्ये लावणार आहे."

आधी हिशेब, कारण तिथे चूक माझी आहे. विजेचा आणि गॅसचा खर्च जवळपास सारखाच येतो, असं मी लिहिलं होतं. तुमची प्रतिक्रिया आल्यावर कागद घेऊन बसले. अठरा लिटरची बादली, थंडीतलं पाणी २० अंशांचं धरलं आणि ते ४२ अंशांवर न्यायचं, तर साधारण ०.४६ युनिट वीज लागते. चार माणसांच्या आंघोळीला महिन्याला ५५ युनिट. टाकीतलं पाणी नुसतं तापून राहतं, ते वेगळंच. उलट १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. गिझरने त्यातली ऐंशी टक्के पाण्याला दिली, तरी एक सिलिंडर आंघोळीला अडीच महिने पुरतो. महावितरणच्या बिलात १०० युनिटांच्या पुढे दर एकदम वर जातो. ज्या घरात फ्रिज, पंखे आणि मिक्सरमध्येच शंभरी गाठली जाते, तिथे गिझरचं प्रत्येक युनिट महागाचं. अशा घरात गॅस स्वस्त पडतो, तुमचं बरोबर आहे. लेखातलं ते वाक्य आज बदललं.

पण बाथरूममध्ये गिझर लावायला माझी हरकत पैशांमुळे नव्हतीच.

गेल्या जानेवारीत माझी भाची भाड्याच्या फ्लॅटमध्ये नवीनच राहायला गेली होती. आधीच्या भाडेकरूने बाथरूममध्येच गॅस गिझर बसवलेला. वर हातभर झरोका, तोही थंडी येते म्हणून पुठ्ठा लावून बंद केलेला. मी त्या दिवशी तिच्याकडेच होते. नळ चालू, बादली भरून वाहतेय, मोरीत पाणी पडल्याचा एकसारखा आवाज, आणि हाक मारली तर ओ नाही. शेजारच्यांना बोलावून कडी तोडली. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे उघडे. उचलून गॅलरीत आणलं तेव्हा उलटी झाली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि ती वाचली. काका, त्या बाथरूममध्ये वाफेशिवाय कसलाही वास नव्हता.

तुमच्या वाक्यात नेमकी हीच गफलत आहे. आपल्याला ओळखीचा असलेला सिलिंडरचा वास त्यात मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. इथे गळती नव्हतीच. बंद खोलीत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. माणसाला आधी डोकं जड झाल्यासारखं वाटतं, मग पायांतलं बळ जातं आणि कडी काढायला उठताच येत नाही.

तुमच्याकडे पंधरा वर्षं काही झालं नाही याचं कारण तुम्हीच लिहिलंय, गिझर मागच्या पडवीत आहे. तिथे तो मोकळ्या हवेत जळतो आणि आत फक्त गरम पाणी येतं. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी आजीचा तांब्याचा बंब होता. मधून धुराचं नळकांडं, खाली राखेची जाळी, शेणी आणि करवंट्या घालून पेटवायचा. तो परसात असायचा. पाणी बादलीने आत न्यायचं, बंब कधी आत यायचा नाही. आजीला कार्बन मोनॉक्साइड हा शब्द माहीत नव्हता, पण जाळ कुठे ठेवायचा हे पक्कं माहीत होतं.

सोलरबद्दल थोडक्यात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे त्याच्यावर विसंबता येत नाही, हे मान्य. चौथ्या मजल्याच्या फ्लॅटला तर आणखी एक अडचण. गच्चीपासून पंधरा मीटर पाइप आला, तर त्यातलं पाच लिटरच्या आसपास थंड पाणी रोज आधी सोडावं लागतं. आणि ७८,००० रुपयांच्या अनुदानाचं तुम्ही लिहिलंय, ते २०२४ मध्ये आलेल्या सूर्यघर योजनेतलं, छतावर वीज तयार करणाऱ्या तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या पॅनेलसाठी. पाणी तापवणाऱ्या सोलरला ते मिळत नाही. दुकानदार दोन्ही एकत्र करून सांगतात, म्हणून ताबा घेण्याआधी विचारून घ्या. वीजबिल, घरफाळा आणि पाणीपट्टीच्या पावत्या तपासा हे मी लिहिलेलं तुम्हाला पाल्हाळ वाटलं. ते मात्र मी काढणार नाही.

आता मुलाच्या फ्लॅटचं. गिझर टाकून द्या असं मी म्हणत नाही. स्वयंपाकघरामागे ड्राय बाल्कनी असेल तर तिथे लावा आणि भिंतीतून गरम पाण्याचा पाइप बाथरूममध्ये घ्या. फरशीचं काम संपायच्या आत प्लंबरला सांगितलंत तर भिंत पुन्हा फोडावी लागणार नाही. वाऱ्याने ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होतो का, ते तपासून घ्या. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की सर्व्हिसिंग. पुढेमागे इमारतीत पाइपचा गॅस आला तर हाच गिझर त्याला जोडू नका, सिलिंडरच्या गॅसचा जेट, म्हणजे गॅस बाहेर सोडणारं बारीक छिद्र, वेगळा असतो.

बाल्कनी नसेल तर विजेचा लावा. दोन किलोवॉटचा, पंधरा लिटरचा पुरे. त्याला वेगळी वायर, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, घ्या. बिल थोडं वाढेल. बाल्कनीची मापं आणि बाथरूमच्या खिडकीचा फोटो पाठवलात तर पाइप कुठून घेता येईल ते मी बघून सांगते. दिवाळीला अजून वेळ आहे.