छप्पर चुकलंय, फांद्या नाहीत

मास्तर, नमस्कार. ('एक जुना ड्रॉइंगमास्तर' अशी सही केलीत, म्हणून मास्तरच म्हणते.)

फ्रेंच चित्रकार पिसारोच्या 'लाल छपरं' या १८७७च्या चित्रावरून मी केलेला तैलरंगातला अभ्यास बघून तुम्ही लिहिलंत की घरं वाकडी आहेत, झाडझाडोरा म्हणजे नुसते फराटे आहेत, आणि ड्रॉइंग येत नसलं की त्याला इंप्रेशनिझम (रेखीव तपशिलापेक्षा त्या क्षणाचा उजेड आणि रंग टिपणारी पिसारो वगैरेंची शैली) म्हणायची सोय झाली आहे. शिवाय इंप्रेशनिस्ट चित्रकारांबद्दलचं 'हे लोक काळा वापरतच नसत' हे माझं वाक्यही खोडून काढलंत.

काळ्याचं आधी. तुमचं बरोबर आहे. त्यांच्यातल्याच रेनुआरच्या १८७४च्या 'ला लोज' या चित्रामधल्या बाईच्या झग्यावर काळे पट्टे ढळढळीत आहेत, आणि ते चित्र मी कितीदा बघितलंय! माझ्या पॅलेटवर काळा नव्हता, एवढंच लिहायला हवं होतं. वाक्य बदललंय.

डावीकडचं छप्परही चुकलंय. उतार उलटा झालाय, एलिमेंटरीला बसणाऱ्या पोरानेही तो पकडला असता. पण हे खापर इंप्रेशनिझमवर फोडू नका. मूळ चित्रात छपरांचे उतार आणि त्रिकोण पक्के आहेत, सैल आहेत त्या फक्त कडा. ड्रॉइंग कच्चं आहे ते माझं.

फांद्यांवर मात्र मी भांडणार. फ्रान्समधल्या पाँत्वाझ गावच्या टेकडीच्या पायथ्याची ही घरं, आणि ती दिसतात हिवाळ्यातल्या झाडांच्या जाळीतून. पहिल्या प्रयत्नात मी तुमच्यासारखाच विचार केला होता: आधी घरं नीट पूर्ण करू, मग वरून झाडं काढू. झाडं खिडकीच्या गजांसारखी दिसायला लागली. घर एकीकडे, झाड दुसरीकडे, मधे हवाच नाही. सगळं खरवडून काढलं.

दुसऱ्या वेळी छपराचा तांबडा ओला असतानाच फांदी ओढली. ब्रशवर भरपूर रंग घ्यायचा, एकदाच ओढायचा, लगेच फडक्याला पुसायचा. तोच फटकारा दुसऱ्यांदा मारलात की खालचा तांबडा वर येतो आणि चिखल होतो. (माझ्याकडे उजव्या कोपऱ्यात असा चिखल आहे, तो तुमच्या नजरेतून कसा सुटला कोण जाणे.) मग भिंतीचा पिवळट पांढरा घेऊन दोन फांद्यांमधल्या फटी परत भरल्या. म्हणजे भिंत काही ठिकाणी फांदीच्या कडेवर चढते. तुम्हाला फराटे दिसले ते बहुतेक हेच. फांदीचा आकार मी फांदीने काढलाच नाही, फटीने काढलाय. मास्तर, हेही ड्रॉइंगच झालं की.

हिरव्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, मीच सांगते. खालच्या झुडपांत व्हिरिडियनमध्ये (निळसर हिरवा) सरळ पांढरा घातला आणि तो खडूसारखा फटफटीत झाला. थोडा पिवळा आणि किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घातल्यावर जरा जमिनीवर आला, पण कडेची दोन झुडपं अजून तशीच आहेत.

छप्पर दुरुस्त करणार आहे, फक्त आत्ता नाही. तिथे रंग जाड लागलाय, बोट लावलं की अजून चिकटतं. वाळला की उतार बदलून नवा फोटो टाकते. तेव्हा पट्टी घेऊनच या.