खरखर रेकॉर्डची की बुरशीची?

लाइव्ह रॉकच्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांत एक खूळ आहे: थोडी खरखर हवीच, म्हणे त्यातच मजा. द हू या रॉक बँडच्या ‘लाइव्ह ॲट लीड्स’ अल्बमला (१९७०) ती शोभते. तिथे खरखर मूळ टेपमध्येच होती, आणि ती तशीच असू द्या, दुरुस्त करू नका, असं लेबलवरच लिहिलं होतं. आपल्या गोव्यातल्या कपाटांतली खरखर मात्र बहुतेक वेळा पावसाळ्याची कमाई असते.

तबकडी टॉर्चखाली तिरकी धरा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. विनाइल, म्हणजे तबकडीचं प्लास्टिक, ती खात नाही. धूळ आणि बोटांचा तेलकटपणा यांवर पोसते. आधी घराबाहेर, बाल्कनीत, कोरड्या कार्बन फायबर ब्रशने झाडून घ्या. मग चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि लिटरला दोन-तीन थेंब भांड्यांचा साधा लिक्विड साबण. लेबल वाचवून लावा, मिनिटभर थांबा, आणि मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेने गोल पुसा. आडवं पुसलंत तर घाण खाचेत आणखी दाबली जाते. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा. विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको, सुकल्यावर त्यातले क्षार खाचेत राहतात. पंख्याखाली उभी सुकवा, उन्हात नाही. आणि जुनं कागदी आतलं कव्हर फेकून द्या! बुरशीचं बी त्यातच असतं.

एवढं करूनही बाजू संपता संपता आवाज फाटतो? तो दोष बुरशीचा नाही. एलपीच्या, म्हणजे मोठ्या विनाइल तबकडीच्या, कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो. लाइव्ह अल्बमात नेमका तिथेच सगळा धुमाकूळ येतो. डीप पर्पल या बँडच्या ‘मेड इन जपान’ची चौथी बाजू म्हणजे जवळजवळ वीस मिनिटांचं एकच गाणं, आणि शेवटी ड्रम, ऑर्गन, गिटार सगळे एकदम. साध्या गोल टोकाच्या सुईला हे झेपत नाही. लंबगोल टोकाची सुई घ्या, प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या पट्टीवर) कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या डबीचा, कोन जुळवा, आणि सुईचा भार कार्ट्रिजबरोबरच्या कागदावर दिला असेल तेवढाच ठेवा, बऱ्याच कार्ट्रिजना दोन ग्रॅमच्या आसपास लागतो. ‘रेकॉर्ड झिजू नये’ म्हणून भार कमी करणारे उलट जास्त झिजवतात, कारण हलकी सुई खाचेत उड्या मारते.

ठेवायचं कसं? उभ्या, समुद्राकडच्या ओल्या भिंतीपासून लांब. डांबरगोळ्या ओल शोषत नाहीत. सिलिका जेल शोषतं, पण पावसाळ्यात ते सारखं तापवून सुकवावं लागतं. परवडत असेल तर डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावून आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर ठेवा.

त्याच कपाटात घरातल्या जुन्या नाट्यगीतांच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्या असतील तर वरचं मिश्रण त्यांना लावूच नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. त्यांना नुसतं डिस्टिल्ड वॉटर, तेही लगेच टिपून.